कोरडा बर्फ

“कुत्रं घेत नाही म्हणजे? फुकट पाठवतोय का मी?”

समोरचे गृहस्थ रिटायर्ड मामलेदार होते. रिटायर झाले तरी मामलेदारी अंगातून गेली नव्हती. काउंटरवर मूठ आपटून आपटून त्यांनी माझ्या चहाचा कप बशीत नाचवला. त्यांचा गुबगुबीत लॅब्राडोर मात्र पिंजऱ्यात शांत बसून होता. मालकापेक्षा शहाणा असावा.

“उद्याच्या विमानानं घेते, साहेब,” मी म्हटलं. “आज त्याच कप्प्यातून लसींच्या पेट्या चालल्यात. त्यात कोरडा बर्फ आहे.”

“मग काय सर्दी होणार आहे का त्याला?”

“सर्दी नाही, मरेल तो. हा पाण्याचा बर्फ नव्हे. तो वितळत नाही, त्याचा वायू होतो. जड असतो तो, खाली साचत जातो आणि हवेला जागा ठेवत नाही. बंद कप्प्यात जनावर गुदमरतं. फॉर्मवर प्रश्नच आहे, सोबत जिवंत प्राणी आहे का? हो असेल तर माल थांबवायचा. खाली सही माझी असते, तुमची नाही.”

मामलेदार आणखी दहा मिनिटं गरजले आणि कुत्रं घेऊन गेले. पिंजरा टेम्पोत चढवून लहानू गांगुर्डे परत आला आणि माझ्यासमोर घुटमळत उभा राहिला.

“ताई, तो वायू दिसतो का?”

“पेटी उघडली की जरासा धूर दिसतो. नंतर काही नाही.”

“वास?”

“वासही नाही. जा आता, काट्यावर माल पडलाय.”

लहानूचं हे असं होतं. पंचेचाळिशीचा माणूस, पन्नास किलोची पेटी एकटा उचलायचा, पण विचारल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. ताई, ही पेटी इथं ठेवू का? ताई, पाणी पिऊन येऊ का? बाकीचे लोडर त्याची टर उडवायचे. मीही काही कमी नव्हते. “लहानू, श्वास घेऊ का म्हणूनसुद्धा विचारशील एक दिवस,” असं मी त्याला सगळ्यांदेखत म्हटलेलं आहे. तो हसायचा. त्याला वाईट वाटायचं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

मी प्रमिला ठोंबरे. आमचा विमानतळ लहान. दिवसाला तीन विमानं, आणि मालासाठी पत्र्याची एक शेड. त्या शेडमध्ये एक वजनकाटा, एक तपासणीचं मशीन, शिरसाट मुकादम, त्यांच्या हाताखाली सहा लोडर आणि कागदपत्रांना मी. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली डाळिंबाच्या पेट्या अक्षरशः शिजायच्या. मग त्या वर्षी विस्तार मंजूर झाला. शेडच्या शेजारी नवी इमारत उभी राहिली. सिमेंटचा धक्का, मोठी दारं आणि सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे शीतखोली. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, भिंती पांढऱ्याशुभ्र, दार इतकं जाड की लावल्यावर बाहेरचं विमानसुद्धा ऐकू येत नसे.

त्या गुरुवारी एका मालवाहू विमान कंपनीची माणसं ती बघायला येणार होती. त्यांना पसंत पडलं तर आठवड्यातून दोनदा मोठं विमान येणार होतं. नाही पडलं तर ते दुसऱ्या गावाला जाणार होतं, आणि मार्चला लोडरांचा ठेका संपत होता. शिरसाटमामांनी आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं, विमान आलं तर तुम्ही कायम, नाहीतर आपापली वाट बघा. लहानूच्या मुलीचं लग्न ठरत होतं. तोही त्याच आशेवर होता.

आणि शीतखोली गार होत नव्हती. तिचं मुख्य मशीन बंदरात अडकून पडलं होतं.

बुधवारी सकाळी आमचे मॅनेजर वझेसाहेब त्या खोलीच्या मधोमध उभे होते. शर्ट घामानं चिकटला होता.

“ठोंबरे, पाटी लावली, रंग दिला, दिवे लावले. थंडी कुठून आणू? माझ्या खिशातून काढू?”

“पुढं ढकला ना साहेब.”

“ढकललं की गेलं. दुसरा विमानतळ टपून बसलाय.”

आणि मग मी बोलले. कुणी मला विचारलं नव्हतं. माझी हौस दांडगी.

“साहेब, कोरडा बर्फ ठेवू या. लसवाल्यांचा पुरवठादार दुपारपर्यंत नव्वद किलो देईल. थर्मोकोलच्या पेट्यांची झाकणं काढून मागच्या जाळीआड ठेवायच्या आणि दोन पंखे लावायचे. सकाळपर्यंत खोली अशी गार होईल की पाहुणे स्वेटर मागतील.”

वझेसाहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग टाळी वाजवली त्यांनी, खरोखर वाजवली. “ठोंबरे, तुम्ही इथं कारकुनी करत बसलात हे ह्या विमानतळाचं नशीब!” मला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला सांगू? पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या डोक्याला डोकं म्हटलं होतं.

दुपारी बर्फ आला. लहानूनंच पेट्या आत नेल्या, हातमोजे घालून. संध्याकाळी पाचला दाराबाहेरच्या तापमानाच्या काट्यावर नऊ अंश दिसले आणि आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे ओरडलो. वझेसाहेबांनी जाताना बजावलं, “दार कुणी उघडायचं नाही. थंडी गेली तर सगळं मुसळ केरात.”

गुरुवारी मी सातलाच हजर झाले. इस्त्रीची साडी नेसले होते. जाळीआड पेट्या नेताना आदल्या दिवशी बुटांचे ठसे फरशीवर उमटले होते, ते पुसायचे राहिले होते. ते काम लहानूवर होतं. साडेसातच्या सुमाराला तो काउंटरवर आला, माझ्याकडून चावी घेतली, बादली आणि फडकं घेतलं आणि गेला. मी पाहुण्यांसाठी फायली लावत बसले.

आठला शिरसाटमामांची हाक आली. हाक कसली, किंकाळीच.

मी धावले. दार उघडं होतं. मामांनी लहानूला काखेत धरून उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं होतं, आणि ते स्वतःच भिंतीला टेकून धापा टाकत होते. “चक्कर आली... पोरी, आत जाऊ नको,” एवढंच म्हणाले. लहानूचा चेहरा राखाडी पडला होता. फडकं अजून मुठीत होतं. मी त्याच्या गालावर मारलं, नाव घेतलं, छाती दाबली. कितीदा दाबली ते माहीत नाही. ॲम्ब्युलन्स आली आणि त्याला घेऊन गेली. साडेआठला सिव्हिलमधून फोन आला की आणलं तेव्हाच संपलेला होता.

वझेसाहेबांनी फोन ठेवला. मग म्हणाले, “हार्ट असेल. ह्या वयात हल्ली...” आणि घड्याळाकडे बघितलं. “ठोंबरे, अकराला माणसं येतायत.”

त्या क्षणी मी ओरडायला हवं होतं. मला कळलं होतं. फडकं हातात, ओणवा, फरशीजवळ तोंड. सगळं कळलं होतं मला. चार दिवसांपूर्वी मीच तर एका मामलेदाराला ते शिकवलं होतं. विमानाच्या कप्प्यासाठी फॉर्म होता, त्यावर प्रश्न होता, खाली सहीची जागा होती. जमिनीवरच्या खोलीसाठी फॉर्म नव्हता, म्हणून माझ्या मनात प्रश्नच आला नव्हता. आम्ही कागदाची माणसं. कागदानं विचारलं नाही की आम्हीही विचारत नाही.

मी ओरडले नाही. मी गेले, शीतखोलीचं दार सताड उघडलं, दोन्ही पंखे दाराकडे फिरवले आणि अर्धा तास बाहेर उभी राहिले. मग आत जाऊन उरलेली फरशी मीच पुसली, उकिडवं न बसता, लांब दांड्याच्या फडक्यानं.

पाहुणे सव्वाअकराला आले. तिघं होते. काटा बारावर आला होता, तरी बाहेरच्या उन्हातून आल्यावर त्यांना बरं वाटलं. “वा! गार आहे की,” त्यांतला वयस्कर म्हणाला. मी दाराला पाठ लावून उभी होते, दार बंद होऊ नये म्हणून.

“दार लावा ना मॅडम, थंडी जातेय,” दुसरा म्हणाला.

“असू दे साहेब,” मी म्हटलं. “हवा खेळती बरी.”

वझेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. धक्क्यावर शिरसाटमामा पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. त्यांनीही बघितलं. पाहुण्यांनी लहानूबद्दल काही विचारलं नाही, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी चहा घेतला, काजू खाल्ले आणि जाताना हात मिळवले. दुपारी वझेसाहेबांनी शीतखोलीच्या दारावर कागद चिकटवला, ‘परवानगीशिवाय आत जाऊ नये’. चिकटपट्टी मी कापून दिली.

पोस्टमार्टेममध्ये गुदमरून मृत्यू आला. मग ठेकेदार कंपनीचे दोन अधिकारी चौकशीला आले. त्यांच्या आदल्या दिवशी वझेसाहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं.

“बर्फ तुम्ही सुचवलात, हो मी म्हटलं. खरं सांगितलं तर दोघंही जाऊ, विमानही जाईल. पाच माणसांची चूल विझेल. लहानू तर गेलाच आहे, प्रमिलाताई.”

त्यापूर्वी त्यांनी मला कधी प्रमिलाताई म्हटलं नव्हतं.

चौकशीत मला एकच कामाचा प्रश्न आला. आत जाण्याआधी त्यानं तुम्हाला काही विचारलं होतं का?

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं, ‘मयत कामगार सूचना असूनही, कोणालाही न विचारता शीतखोलीत गेला.’ मी सही केली. माझी सही वळणदार आहे, सगळे कौतुक करतात.

तेराव्यानंतर त्याची बायको मंदा आली, त्याचे कपडे आणि चपला न्यायला. सोबत भाऊ होता, त्यानं तोवर कुणाकडून तरी चौकशीचा तो कागद वाचून घेतला होता. मंदा काटकुळी, पण आवाज खणखणीत. ती शेडच्या मधोमध उभी राहिली.

“कागदावर लिवलंय, कुणाला न विचारता गेला. माझा माणूस घरात माठ हलवायचा तरी मला विचारायचा. लगीन झाल्यापासून बावीस वर्षं. तो न विचारता मरंल कसा? कुणाला विचारलं त्यानं, तेवढं सांगा. मला दुसरं काय बी नको.”

लोडर खाली मान घालून उभे राहिले. वझेसाहेबांना अचानक फोन आला. मंदानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे आली.

“ताई, तुम्हाला विचारलं व्हतं का?”

“नाही गं,” मी म्हटलं. वर तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आता सांगते. वर मी एक गोष्ट गाळली. त्या सकाळी लहानूनं चावी घेतली आणि गेला, असं मी म्हटलं. तसं झालं नाही. चावी हातात घेऊन तो घुटमळला होता.

“ताई, आत बर्फ हाय ना. त्या कुत्र्यावानी काही व्हनार नाही ना?”

माझ्यापुढं फायलींचा ढीग होता. मी मान वर केली आणि हसले. “तू काय कुत्रं आहेस का रे? ते विमान होतं, ही खोली आहे. वीस फूट लांब!”

तोही हसला. दोन पावलं गेला आणि परत वळला.

“मग दार उघडं ठिवू का जरा?”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. “थंडी जाईल. दार लावून घे.”

आणि त्यानं लावून घेतलं. सांगितलेलं ऐकायचा तो.

विमान आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी यायला लागलं, डाळिंबं आणि फुलं घेऊन जायला लागलं. राहिलेले पाचही लोडर कायम झाले. खरं मशीन बंदरातून सुटलं आणि शीतखोली खरोखर गार झाली. मला बढती मिळाली. मंदाला वझेसाहेबांनी झाडूवाली म्हणून लावून घेतलं, सगळे म्हणाले, माणूस मनाचा मोठा आहे.

पहिल्याच आठवड्यात मी मंदाला म्हटलं, डबा माझ्याबरोबर खात जा. ती आली. मग रोजच येऊ लागली. माझ्या डब्यातली भाजी निम्मी तिची, तिच्या शेंगदाण्याच्या चटणीतला चमचा माझा. तिच्या मुलीच्या लग्नात मी साडी नेसवली, बाळंतपणात डिंकाचे लाडू दिले. आठ वर्षं. आठ वर्षांत तिनं तो प्रश्न मला पुन्हा एकदाही विचारला नाही. मला वाटायचं, विसरली असेल. कधी वाटायचं, माझ्या मायेनं जखम भरली असेल. माणूस स्वतःला काय काय समजावतो!

आठव्या वर्षी आणखी विस्तार झाला, दोन नव्या शीतखोल्या आल्या. ह्या वेळी भिंतीवर वायू मोजायचं यंत्र बसलं आणि ते समजावून सांगायला एक माणूस आला. सगळ्यांना उभं करून तो सांगत होता, “कोरडा बर्फ असेल तर दार आधी उघडून ठेवायचं, मगच आत जायचं. साधी गोष्ट आहे. दार उघडं असलं तर माणूस वाचतो.” मंदा मागं केरसुणी घेऊन उभी होती. केर काढत पुढं गेली.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. मी नेहमीसारखी निम्मी भाजी तिच्यापुढं सरकवली.

“मंदा,” मी म्हटलं, “त्यानं मला विचारलं होतं.”

तिनं हातातली भाकरी खाली ठेवली नाही. “काय विचारलं?”

मी शब्दन्‌शब्द सांगितलं. कुत्र्याचं, हसण्याचं, दाराचं, सगळं. तिनं मधे फक्त एकदा विचारलं, “तो बी हसला का?”

“हो. हसला.”

मी रडायला लागले. मला वाटलं, आता ती तरी रडेल, शिव्या देईल, माझ्या अंगावर येईल. मला ते हवं होतं.

“मला ठावं व्हतं,” ती म्हणाली. “तुमच्याबिगर कुणाला विचारनार तो? मामांनी त्याच आठवड्यात सांगितलं व्हतं, पाव्हन्यांसाठी ठोंबरेताई दार उघडं धरून उभ्या व्हत्या म्हनून.”

“मग... मग इतकी वर्षं माझ्याबरोबर जेवलीस कशी गं?”

“तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल म्हनून. घास घेताना तोंड उघडतंच की मानसाचं.” तिनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. “कागदावर तेवढं खोडून घ्या. न विचारता लिवलंय ते.”

मी त्याच संध्याकाळी लिहून दिलं. सगळं लिहिलं, नावासकट, सहीसकट. कंपनी एव्हाना बदलली होती, वझेसाहेब बदलीवर जाऊन रिटायर झाले होते. दीड महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं. सदर प्रकरण यापूर्वीच निकाली निघालं असून फेरविचाराचं कारण दिसत नाही. माझ्यावर कुणी कारवाईसुद्धा केली नाही. कुणाला त्यात रसच नव्हता. ते पत्र मी मंदाला वाचून दाखवायला गेले, तर तिनं हात वर करून थांबवलं.

मी लिहून दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा उघडून, दोन ताटल्या मांडून बसले होते. एक वाजला, सव्वा झाला. मंदा आली, पण तिच्या हातात डबा नव्हता, बादली होती. तिनं फडकं पिळलं आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तोवर आठ वर्षं मी तिची ताई होते.

“मॅडम,” ती म्हणाली, “पाय वर घ्या. फरशी पुसायचीय.”

मी पाय वर घेतले.